पायी चालून पाहावी अशी बर्गंडी

फ्रान्समधल्या दिजों शहरातून दक्षिणेकडे निघणारा डी-९७४ हा रस्ता चाळीसेक किलोमीटरवर बोन या गावात पोहोचतो आणि पुढे वीसेक किलोमीटरवर सांतने गावाशी द्राक्षबागा विरळ होऊ लागतात. मोटारीने गेलं तर सगळा प्रवास तास-दीड तासाचा. उजव्या हाताला एक लांबलचक बुटका डोंगर सोबत करतो, त्याच्या उतारावर द्राक्षवेलींच्या सरळ रांगा, मधूनमधून दगडी घरांची लहान गावं. बर्गंडीचा सर्वांत नावाजलेला भाग तो हाच. त्याचं नाव कोत-दोर. जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी कितीतरी या चिंचोळ्या पट्टीत तयार होतात. द्राक्षबागांची ही पट्टी कुठे जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद आहे, तर कुठे दोन.

पॅरिसहून सकाळी यायचं, दोन तळघरं पाहायची, चार वाइन चाखायच्या आणि संध्याकाळी परत फिरायचं, असा कार्यक्रम अनेक पर्यटक आखतात. त्यात चूक काही नाही, पण बर्गंडी त्यात हाती लागत नाही. इथली जमीन मैलामैलाला बदलत नाही, ती पावलापावलाला बदलते. एका बांधाच्या अलीकडची वाइन आणि पलीकडची वाइन यांच्या चवीत आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक का पडतो हे समजून घ्यायचं तर त्या बांधापाशी उभं राहावं लागतं. म्हणून या प्रदेशाला निदान एक आठवडा द्यावा आणि तो पायी, सायकलने आणि लोकल रेल्वेने घालवावा.

उताराची गोष्ट

सुमारे सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातल्या शंख-शिंपल्यांचे आणि चिखलाचे थर साचून चुनखडी तयार झाली. पुढे फार उशिरा, आल्प्स पर्वत उचलला जात असताना, जमिनीला मोठे तडे गेले. पूर्वेकडचा भाग खचला आणि तिथे सोन नदीचं सपाट खोरं झालं. पश्चिमेचा भाग वर राहिला. या दोहोंच्या मधली उतरती कड म्हणजे कोत-दोर. तडा एकच नव्हता, अनेक होते. त्यामुळे वेगवेगळ्या काळातले चुनखडीचे आणि मातकट मार्लचे थर उतारावर एकमेकांशेजारी उघडे पडले. चार पावलं चाललं की पायाखालचा दगड बदलतो, तो यामुळे.

उताराचं तोंड मुख्यतः पूर्वेकडे आहे. सकाळचं ऊन आधी त्यावर पडतं आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस-वारा डोंगर थोपवून धरतो. माथ्यावर माती इतकी पातळ की वेलीला जोर धरता येत नाही. तळाशी माती खोल आणि चिकट, पाणी तिथे साचून राहतं आणि वेल पानांतच माजते. मधल्या पट्ट्यात माती बेताची, निचरा चांगला, ऊन भरपूर. सर्वांत मानाच्या बागा म्हणूनच उताराच्या मधोमध आहेत. डी-९७४ च्या पूर्वेला, सपाटीवर, बहुतेक साध्या दर्जाच्या वाइनची द्राक्षं पिकतात. नुसता रस्ता ओलांडला तरी श्रेणी बदलते.

हा फरक वाइनमध्ये स्पष्ट उतरतो याचं एक मोठं कारण म्हणजे द्राक्षाची जात. तांबडी वाइन जवळपास सगळी पिनो न्वार या जातीची आणि पांढरी शार्दोने या जातीची. बोर्दो भागात तीन-चार जाती मिसळून वाइन घडवतात, इथे तसं करत नाहीत. जात एक, बागायतदार एक, पद्धत एक, आणि तरी दोन बागांच्या वाइन वेगळ्या लागल्या तर श्रेय जमिनीलाच जातं.

साधू, ड्यूक आणि वाटण्या

हे फरक ओळखून काढण्याचं मोठं काम ख्रिस्ती मठांनी केलं. १०९८ साली सितो इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. प्रार्थना आणि अंगमेहनत हे या साधूंचं व्रत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांना वूझो गावाजवळ जमिनी दान मिळत गेल्या. त्यांनी त्या एकत्र केल्या आणि १३३६ पर्यंत सगळ्या बागेभोवती दगडी कुंपण पुरं केलं. ही बाग म्हणजे क्लो द वूझो. मठ शतकानुशतकं टिकतो, त्यामुळे एका पिढीचं निरीक्षण पुढच्या पिढीच्या हाती पडतं. कुठल्या तुकड्यावर दव जास्त पडतं, कुठे द्राक्षं आठवडाभर आधी पिकतात, कुठली वाइन टिकते, हे ज्ञान असं साठत गेलं.

त्यांच्या जोडीला सत्ता आली ती बर्गंडीच्या ड्यूकांची. १३६३ ते १४७७ या काळात हे घराणं युरोपातल्या बलाढ्य घराण्यांपैकी एक होतं. फिलिप द बोल्ड या ड्यूकने १३९५ मध्ये फर्मान काढून गामे नावाची द्राक्षजात उपटून टाकायला सांगितली. गामे भरघोस पिकायची, पण तिची वाइन त्याच्या मते हलकी होती. त्याला पिनो हवी होती. शेतकऱ्यांना हा हुकूम जड गेला आणि तो लगेच सगळीकडे पाळलाही गेला नाही, पण बर्गंडीने उत्पन्नापेक्षा गुणवत्तेची बाजू घेतली ती तेव्हापासून. गामे पुढे दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर उत्तम रुजली.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात विकल्या गेल्या. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांना वारसाहक्कात समान वाटा दिला. सातबाऱ्यावर नावं वाढत जावीत आणि वाट्याला गुंठे यावेत, तसं इथे झालं. साधूंची ती एकसंध क्लो द वूझो आज साधारण पन्नास हेक्टरांची आहे आणि तिचे मालक ऐंशीच्या आसपास आहेत. कोणाच्या वाट्याला काही एकर, तर कोणाच्या वाट्याला वेलींच्या चार-दोन रांगा. एकाच बागेच्या नावाची, पण वेगवेगळ्या हातांनी केलेली वाइन इथे मिळते ती यामुळे. बर्गंडीत बागेचं नाव जितकं महत्त्वाचं, तितकंच ती वाइन करणाऱ्याचं नाव महत्त्वाचं.

सीमा आखून दिलेल्या आणि स्वतंत्र नाव असलेल्या अशा प्रत्येक तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. ४ जुलै २०१५ रोजी युनेस्कोने बर्गंडीच्या या क्लिमांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात १,२४७ क्लिमा आहेत, शिवाय दिजों आणि बोन या शहरांचे जुने भागही आहेत.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर हीच उतरंड दिसते. सर्वांत खाली नुसतं ‘बुर्गोन्य’ लिहिलेली प्रादेशिक वाइन. त्यावर गावाच्या नावाची, म्हणजे पोमार, व्होल्ने किंवा मर्सो. त्यावर ‘प्रमिए क्र्यू’, जिथे गावासोबत बागेचंही नाव येतं. सर्वांत वर ‘ग्राँ क्र्यू’, तिथे गावाचं नाव गळून फक्त बागेचं उरतं. कोत-दोर आणि शाब्ली मिळून असे ग्राँ क्र्यू ३३ आहेत आणि त्यांचा वाटा बर्गंडीच्या एकूण उत्पादनात एक-दोन टक्क्यांचाच. मोठ्या बागांची ही पुण्याई गावांनाही हवीशी वाटली. ज्यव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या शांबर्तँ बागेचं नाव स्वतःला जोडून घेतलं, प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी १८७९ मध्ये मोंराशेचं.

आठवडा कसा घालवावा

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून वेगवान टीजीव्ही गाडी दीड-पावणेदोन तासांत दिजोंला पोहोचवते. पहिले दोन दिवस या शहराला द्यावेत. ड्यूकांच्या राजवाड्यात आता कलासंग्रहालय आहे. तिथे फिलिप द बोल्डच्या समाधीखाली शोक करणाऱ्या साधूंच्या अलाबास्टर दगडाच्या मूर्ती आहेत. एकेकाची मान, हात आणि झग्याच्या चुण्या निराळ्या. तिथून जवळच नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवर छोटंसं दगडी घुबड आहे. डाव्या हाताने त्याला स्पर्श करून इच्छा मागायची, असा इथला रिवाज आहे. लोकांच्या हातांनी त्याचे नाक-डोळे कधीच झिजून गेले आहेत. आयफेल टॉवरवाला गुस्ताव्ह आयफेल १८३२ साली याच शहरात जन्मला. बाजाराच्या दिवशी लोखंडी खांबांच्या जुन्या मंडईत सकाळी जावं. चीज, मध, मोहरीची चटणी, मसाल्याचा मधाचा केक आणि काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या कासीस फळाचे पदार्थ तिथे एका छपराखाली मिळतात.

तिसऱ्या दिवशी बागा. दिजों-बोन मार्गावरच्या लोकल गाड्या ज्यव्रे, वूझो, न्वी-सँ-जॉर्ज अशा लहान स्थानकांवर थांबतात. ज्यव्रेला उतरावं आणि मोरे-सँ-दनी, शांबोल-म्युझिन्यी, वूझो, वोन-रोमाने करत न्वीला पोहोचून परतीची गाडी धरावी. सवयीच्या माणसाला हे अंतर दिवसभरात आरामात चालता येतं. वाट बागांमधून जाते. वाटेत शेतातले दगड वेचून रचलेले गडगे दिसतात, कामकऱ्यांनी पाऊस-उन्हात टेकावं म्हणून बांधलेल्या दगडी खोपट्या दिसतात. वेली कमरेएवढ्याच उंच ठेवलेल्या असतात, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब घडांना मिळावी लागते. एका हेक्टरात सुमारे दहा हजार वेली लावतात, म्हणून दोन रांगांमध्ये जेमतेम मीटरभर जागा राहते. ट्रॅक्टरही रांगेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारे, उंच टांगांचे असतात.

वोन-रोमाने गावामागे एका बुटक्या भिंतीशी दगडी क्रूस उभा आहे. भिंतीपलीकडची १.८१ हेक्टरांची बाग म्हणजे रोमाने-काँती. १७६० मध्ये काँतीच्या राजपुत्राने ती विकत घेतली आणि बागेला त्याचं नाव चिकटलं. तिच्या १९४५ सालच्या वाइनची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वर्षीच्या पिकानंतर तिथल्या जुन्या वेली काढाव्या लागल्या आणि पुढची काही वर्षं या बागेची वाइन झालीच नाही, म्हणून ती बाटली इतकी दुर्मीळ. बाग पाहायला पैसे पडत नाहीत. भिंतीबाहेर थांबून ती आणि शेजारच्या बागा यांचा उतार नीट पाहावा. आत पाऊल टाकू नये, अशी विनंती मालकांनी केलेली आहे.

उरलेल्या दिवसांसाठी बोन हे उत्तम मुक्कामाचं गाव. तटबंदीच्या आतलं गाव तासाभरात पालथं घालता येतं, पण तिथलं जुनं रुग्णालय, ओतेल-दियो, अर्धा दिवस मागतं. शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळात या भागात दुष्काळ आणि लुटारूंचा सुळसुळाट होता. ड्यूकांचे मंत्री निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी हे रुग्णालय काढलं. आवारात उभं राहिलं की रंगीत कौलांची नक्षीदार छपरं दिसतात. आतल्या मोठ्या दालनात दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटांच्या ओळी आहेत. रोगियर व्हान डर वायडन या चित्रकाराने या रुग्णालयासाठी काढलेलं ‘अंतिम न्याय’ हे अनेक फळ्यांचं चित्र तिथेच जतन केलं आहे. १९७१ पर्यंत या वास्तूत रुग्णसेवा चालू होती.

या रुग्णालयाला लोकांनी पैशांऐवजी द्राक्षबागा दान दिल्या. आज त्या सुमारे साठ हेक्टर आहेत. १८५९ पासून त्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. येणारा पैसा रुग्णालयाच्या कामी लागतो. दान दिलेल्या जमिनीने पाच शतकांहून अधिक काळ रुग्णांची सेवा करावी, ही मला बर्गंडीतली सर्वांत आदर वाटावी अशी गोष्ट वाटते.

बोनहून सांतनेपर्यंत बागांमधून सुमारे बावीस किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. भाड्याची सायकल घ्यावी. पोमार आणि व्होल्नेपर्यंत तांबड्या वाइनची गावं, मर्सोपासून प्युलिन्यी आणि शासान्यपर्यंत मुख्यतः पांढऱ्या. चढ सौम्य आहेत. आणखी दोन दिवस हाताशी असतील तर बर्गंडी कालव्याच्या काठाने फिरावं. १८३२ मध्ये पुरा झालेला हा कालवा २४२ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर १८९ जलद्वारं आहेत. एकेकाळी त्यावरून वाइनची पिंपं आणि धान्य जायचं. आता तिथे सुट्टीच्या बोटी माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने जातात.

जेवण आणि चव

इथलं प्रसिद्ध जेवण मांसाहारी आहे. गोमांस तांबड्या वाइनमध्ये तासन्‌तास शिजवून केलेलं ब्यफ बुर्गिन्यों, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, वाइनच्या रश्श्यात सोडलेली अंडी. शाकाहारी माणसाने पाव, सॅलड, भाज्यांचे पदार्थ आणि चीज यांवर भर द्यावा. अंडं चालत असेल तर चीज घातलेले हलके गोळे, गुझेर, जरूर खावेत. एपवास हे नारिंगी सालीचं, उग्र वासाचं, आतून मऊसूत चीज याच प्रांतातलं. मात्र पारंपरिक फ्रेंच चीज दूध फाडण्यासाठी बहुधा प्राणिज रेनेट वापरून करतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी तेवढं विचारून घ्यावं. कासीसचं गोड लिकर आणि पांढरी आलिगोते वाइन यांचं मिश्रण ‘कीर’ या नावाने मिळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दिजोंचे महापौर झालेले धर्मगुरू फेलिक्स कीर पाहुण्यांना ते आवर्जून द्यायचे.

वाइन चाखायला बागायतदारांकडे जायचं तर आधी वेळ ठरवावी. बहुतेक घरं लहान असतात. वाइन करणारा, हिशेब ठेवणारा आणि पाहुण्यांना तळघर दाखवणारा माणूस एकच असतो. दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी, कापणीच्या दिवसांत कोणाला उसंत नसते. दारात शिरताना ‘बोंझूर’ म्हणण्याला इथे मोठं मोल आहे. चाखलेली वाइन भांड्यात थुंकणं हा रिवाज आहे, त्यात कोणी अपमान मानत नाही. दिवसात दोन ठिकाणांपेक्षा जास्त जाऊ नये, कारण त्यापुढे जीभ थकते. गाडी चालवणार असाल तर फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे आणि तपासणी कडक असते. आणि वाइन घेत नसाल तरी बर्गंडीला जायला काही हरकत नाही. मठ, चित्रं, बागा, बाजार आणि चालण्याच्या वाटा सगळ्यांसाठी आहेत.

शक्यतो एकाच गावातल्या, एकाच माणसाने एकाच वर्षी केलेल्या दोन वाइन शेजारी ठेवून चाखाव्यात. एक गावाच्या नावाची, एक प्रमिए क्र्यू. आदल्या दिवशी ज्या बांधावरून चालत गेलात, त्या बांधाच्या दोन बाजू तेव्हा जिभेला कळतात.

वेलीचं वर्ष

आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. वेलीला खरी झोप अशी मिळतच नाही. बर्गंडीत ती हिवाळाभर निजते. त्याच थंडीत एकेक वेल हाताने छाटतात आणि काड्या तिथेच जाळतात. एप्रिलमध्ये फुटवा येतो आणि तेव्हाच घातक दहिवर पडण्याची भीती असते. अशा रात्री बागायतदार रांगांमध्ये शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवून कोंब वाचवतात. एप्रिल २०२१ च्या गारठ्याने तरीही फार मोठं नुकसान केलं. जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग, फुलोऱ्यापासून साधारण शंभर दिवसांनी कापणी. नंतर २२८ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवण.

या प्रदेशाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीचा घाला सोसला. अमेरिकेतून आलेल्या या किडीवर उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या रानटी वेलींच्या खुंटावर फ्रेंच जातींचं कलम करण्यात आलं. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार खारवट माती आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतात तो डॉगरिज खुंटही मूळ अमेरिकेचाच.

नवं संकट हवामानाचं आहे. बोनमध्ये द्राक्षकापणी कोणत्या तारखेला सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून मिळतात. संशोधकांनी २०१८ पर्यंतच्या ६६४ वर्षांच्या तारखा जुळवून पाहिल्या. १९८७ पर्यंत कापणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे, १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. द्राक्षं लवकर पिकली की साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. पिनो न्वारसारख्या नाजूक जातीला हे मानवत नाही. साधूंनी शोधून काढलेला उताराचा मधला पट्टा पुढच्या शतकातही सर्वोत्तम राहील का, हा प्रश्न इथले बागायतदार आता गंभीरपणे विचारू लागले आहेत.

जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. मे-जूनमध्ये बागा हिरव्या आणि दिवस लांब असतात, सप्टेंबरमध्ये कापणीची लगबग पाहायला मिळते, फक्त तळघरं उघडी मिळतीलच असं नाही. नाशिकच्या वाइनलाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण कोणत्या शिवारातल्या कोणत्या मातीत काय उत्तम पिकतं याच्या नोंदी आपल्याकडे अजून पिढ्यान्‌पिढ्या साठायच्या आहेत. द्राक्षाशी ज्याचा संबंध येतो अशा आपल्या बागायतदाराने, कृषी पदवीधराने आणि वाइन करणाऱ्याने बर्गंडीचा हा आठवडा एकदा तरी जरूर काढावा. केवळ फिरायला जाणाऱ्यांनी एवढंच करावं: यादीतली गावं कमी करावीत, चालायचे बूट सोबत घ्यावेत आणि एका उतारावर दोनदा जावं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी.